हिप-हॉप निर्माता

हिप-हॉप निर्माता म्हणजे हिप-हॉप गीताचा वाद्यभाग रचणारा, त्याचे ध्वनिमुद्रण घडवून आणणारा आणि त्याला अंतिम स्वरूप देणारा संगीतकार होय. या वाद्यभागास ‘बीट’ असे म्हणतात. रॅपर ज्या ठेक्यावर शब्द म्हणतो तो ठेका, त्याखालचे खर्जातील स्वर, मध्येच येणारी एखाद्या जुन्या गाण्याची लकेर आणि गीताचा एकूण नाद ही निर्मात्याची कामगिरी असते. अनेक निर्माते डीजे म्हणूनही काम करतात आणि रॅपरसोबत किंवा स्वतंत्रपणे कार्यक्रमांचे दौरे करतात. हिप-हॉपच्या इतिहासात डीजे हा रॅपरच्या आधीचा असून निर्माता हे डीजेच्याच कामाचे पुढचे रूप आहे.

गीताचे संगीत ज्याने घडवले त्याला त्याचे श्रेय व मोबदला मिळतो की नाही, हा प्रश्न या व्यवसायात आरंभापासून उपस्थित होत आला आहे. श्रोत्यांना रॅपरचा चेहरा व आवाज परिचित असतो. निर्मात्याचे नाव बहुधा श्रेयनामावलीतच राहते. भारतात २०१५ नंतर हिप-हॉपचा प्रसार वाढला. महाराष्ट्रात मुंबई व पुण्याबरोबरच वऱ्हाडातील अमरावती येथूनही रॅपर पुढे आले आहेत.

संज्ञा

‘निर्माता’ हा शब्द मराठी वाचकास चित्रपट व नाटक यांमुळे परिचित आहे. तेथे निर्माता म्हणजे भांडवल उभे करणारी आणि कलाकृतीची व्यावसायिक जबाबदारी घेणारी व्यक्ती. हिप-हॉपमधील निर्मात्याचे काम यापेक्षा वेगळे आहे. चित्रपटसंगीतात संगीतकार चाल बांधतो, संगीत संयोजक वाद्यमेळ ठरवतो आणि ध्वनिमुद्रक आवाजाचा समतोल साधतो. हिप-हॉपमध्ये ही तिन्ही कामे बहुतांशी एकच व्यक्ती करते. केवळ ठेका व वाद्यभाग तयार करून देणाऱ्यास ‘बीटमेकर’ असे म्हटले जाते. रॅपरकडून शब्दफेक करवून घेणे, गीताची मांडणी ठरवणे व अंतिम मिश्रण करणे या जबाबदाऱ्याही जो घेतो, त्यास निर्माता म्हणतात. व्यवहारात मात्र दोन्ही शब्द एकमेकांऐवजी वापरले जातात.

या शब्दभेदाला भारतात कायदेशीर महत्त्व आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा ‘निर्माता’ म्हणजे ते तयार करण्यासाठी पुढाकार व जबाबदारी घेणारी व्यक्ती. कायद्याच्या दृष्टीने तीच ध्वनिमुद्रणाची कर्ता ठरते. ध्वनिमुद्रणाचा खर्च कंपनीने केला असल्यास हे स्थान सामान्यतः कंपनीकडे जाते. बीट रचणारा याच कायद्यातील ‘संगीतकार’ या व्याख्येत बसतो. ही व्याख्या संगीत रचणाऱ्या व्यक्तीला लागू होते. ते स्वरलिपीत लिहिलेले असावे अशी अट तीत नाही. त्यामुळे नोटेशन न लिहिता थेट संगणकावर रचना करणारा निर्मातादेखील कायद्याने संगीतकार ठरू शकतो. करारात त्याचा उल्लेख कोणत्या नावाने होतो, यावर पुढील काळातील त्याचे उत्पन्न बऱ्याच अंशी अवलंबून असते.

‘डीजे’ हे ‘डिस्क जॉकी’ या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. ते प्रथम नभोवाणीवर ध्वनिमुद्रिका लावणाऱ्या निवेदकांसाठी वापरात आले. हिप-हॉपमध्ये दोन फिरत्या तबकड्या वाद्याप्रमाणे हाताळणारा कलावंत असा त्याचा अर्थ झाला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आणि वऱ्हाडातही ‘डीजे’ म्हणजे वाहनावर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत असा तिसरा अर्थ रूढ आहे. ‘वरातीत डीजे लावला’ या वाक्यात कलावंताचा निर्देश नसून यंत्रणेचा असतो.

उगम

हिप-हॉपचा आरंभ न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स या भागात झाला असे मानले जाते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या तरुणीने शाळा सुरू होण्याच्या निमित्ताने नृत्याचा कार्यक्रम ठेवला. तेथे तिचा भाऊ क्लाइव्ह कॅम्पबेल याने ध्वनिमुद्रिका वाजवल्या. तो डीजे कूल हर्क या नावाने ओळखला जातो. त्याचा जन्म जमैकातील किंग्स्टन येथे झाला होता. रस्त्यावर मोठे ध्वनिक्षेपक मांडून नृत्य करण्याची जमैकातील ‘साउंड सिस्टिम’ची परंपरा त्याला परिचित होती.

गाण्यातील इतर वाद्ये थांबून फक्त तालवाद्ये वाजतात त्या छोट्या भागावर नर्तक अधिक रंगतात, हे हर्कच्या लक्षात आले. या भागास ‘ब्रेक’ म्हणतात. एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर ठेवून तो ब्रेक एकीकडे संपताच दुसरीकडे सुरू करीत असे. काही सेकंदांचा ताल त्यामुळे कित्येक मिनिटे लांबवता येऊ लागला.

या कृतीला अचूकता आणण्याचे श्रेय ग्रँडमास्टर फ्लॅश यास दिले जाते. त्याचे मूळ नाव जोसेफ सॅडलर असून जन्म १ जानेवारी १९५८ रोजी बार्बाडोस येथे झाला. ब्राँक्समधील व्यावसायिक शाळेत त्याने विद्युत उपकरणांचे शिक्षण घेतले होते. पुढची तबकडी श्रोत्यांना ऐकू न जाता स्वतःला हेडफोनवर आधी ऐकता यावी, यासाठी त्याने मिक्सरमध्ये स्वतः बदल केले. ब्रेक कोठे सुरू होतो हे कळावे म्हणून तो तबकडीवर रंगीत खडूने खूण करी आणि तबकडी किती फेरे उलट फिरवायची हे मोजी. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांत पूर्ण होतो. त्यामुळे फेऱ्यांची मोजणी ही प्रत्यक्षात काळाचीच मोजणी ठरते. त्याच काळात ग्रँड विझर्ड थिओडोर याने तबकडी बोटांनी पुढेमागे घासून नाद काढण्याचे तंत्र विकसित केले. त्यास ‘स्क्रॅचिंग’ असे म्हणतात.

१९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ या ध्वनिमुद्रिकेने हिप-हॉप व्यापक श्रोतृवर्गापर्यंत पोहोचले. त्यातील वाद्यभाग ‘शिक’ या समूहाच्या ‘गुड टाइम्स’वर आधारलेला होता. तो वादकांनी नव्याने वाजवलेला होता; त्यात डीजेचा सहभाग नव्हता. कार्यक्रमाच्या केंद्रस्थानी असलेला डीजे ध्वनिमुद्रणात बाजूला पडला. १९८१ मध्ये फ्लॅशची ‘दि ॲडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन द व्हील्स ऑफ स्टील’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तबकड्यांवरील डीजेची कारागिरी हीच स्वतंत्र रचना होऊ शकते, हे तीतून दिसून आले.

साधने

हिप-हॉपमध्ये वापरली जाणारी बहुतेक यंत्रे मूळात अन्य हेतूने तयार झाली होती. जपानमधील मात्सुशिता कंपनीने १९७२ मध्ये टेक्निक्स एसएल-१२०० ही फिरती तबकडी बाजारात आणली. तिची मोटर पट्ट्याऐवजी थेट तबकडीस जोडलेली असल्याने हाताने थांबवून सोडलेली तबकडी लगेच मूळ गती घेते. पुढील आवृत्तीत गती कमीअधिक करण्याची सरकपट्टी आली. त्यामुळे दोन गाण्यांची लय जुळवणे सोपे झाले.

रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० मध्ये आले. त्याचा ढोल खऱ्या ढोलासारखा वाजत नाही, अशी टीका तेव्हा झाली आणि १९८३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पुढे त्याचा दीर्घ, खर्जातील घुमारा हाच हिप-हॉपचा परिचित नाद बनला. आजही खर्जातील अशा स्वरास निर्माते ‘८०८’ असे म्हणतात.

१९८७ मधील ई-म्यू एसपी-१२०० आणि १९८८ मधील अकाई एमपीसी६० या यंत्रांनी डीजेचे काम संगीतकाराच्या कामात रूपांतरित केले. जुन्या ध्वनिमुद्रिकेतील तुकडा या यंत्रांत साठवता येतो, कापता येतो आणि बोटाने कळ दाबून वाजवता येतो. अशा तुकड्यास ‘सॅम्पल’ म्हणतात. एसपी-१२०० मध्ये एकूण सुमारे १० सेकंदांचाच ध्वनी मावत असे. म्हणून निर्माते तबकडी वेगाने फिरवून तुकडा साठवीत आणि नंतर तो संथ करीत. यातून येणारा किंचित खरखरीत नाद पुढे शैली म्हणून स्वीकारला गेला. एमपीसी६० ची रचना रॉजर लिन यांनी केली. तिच्यावर चार ओळींत सोळा कळा असतात. आघात काटेकोर मात्रेपासून थोडा मागे सरकवण्याची तिच्यातील सोयही प्रसिद्ध आहे.

बेल्जियममधील ‘फ्रुटीलूप्स’ ही संगणकप्रणाली १९९७ मध्ये आली. तिचे आजचे नाव एफएल स्टुडिओ आहे. साधा संगणक व हेडफोन एवढ्यावर बीट रचणे यामुळे शक्य झाले. मोठ्या शहरातील ध्वनिमुद्रणगृहावर अवलंबून न राहता छोट्या गावातून निर्मिती होऊ लागण्यामागे हा बदल आहे. दौऱ्यांसाठी २००१ मधील पायोनिअर सीडीजे-१००० आणि २००४ मधील सेराटो स्क्रॅच लाइव्ह ही साधने महत्त्वाची ठरली. सेराटोमुळे विशिष्ट संकेत मुद्रित केलेल्या तबकडीद्वारे संगणकातील कोणतेही गाणे हाताळता येते. त्यामुळे ध्वनिमुद्रिकांच्या जड पेट्या घेऊन प्रवास करण्याची गरज कमी झाली.

बीटची घडण

हिप-हॉपमधील बहुतेक रचना चार मात्रांच्या विभागांत बांधलेल्या असतात. अशा एका विभागास ‘बार’ म्हणतात. पहिल्या व तिसऱ्या मात्रेच्या आसपास खर्जाचा आघात आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर तीव्र आघात ही मूळ चौकट होय. भारतीय संगीताच्या परिचयातून पाहिल्यास दोन बार मिळून आठ मात्रांच्या केरव्याइतकी लांबी होते. फरक असा की, केरव्यात ठेका वाजवणारा प्रत्येक आवर्तनात बोल बदलू शकतो, तर बीटमध्ये तोच तुकडा हुबेहूब फिरत राहतो आणि वैचित्र्य रॅपरच्या शब्दांतून येते.

कडव्याची लांबी सर्वसाधारणपणे सोळा बार आणि धृपदाची आठ बार असते. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत एक बार सुमारे २.७ सेकंदांचा होतो आणि सोळा बारांचे कडवे सुमारे ४३ सेकंदांत संपते. रॅपरच्या शब्दांना किती अवकाश मिळणार हे निर्मात्याने निवडलेल्या लयीवर ठरते. ९० च्या आसपासची लय शब्द स्पष्ट ऐकू येण्यास सोयीची असते. ‘ट्रॅप’ या उपशैलीत लय १४० च्या जवळ मोजली जाते, परंतु मुख्य आघात अर्ध्या गतीने येतात. त्यामुळे तबला-पखवाजातील दुगुणाप्रमाणे रॅपर एकाच ठेक्यावर संथ व द्रुत अशा दोन्ही गतींनी बोलू शकतो.

निर्माता प्रथम आधारभूत तुकडा निवडतो किंवा स्वतः वाजवतो. त्यावर ताल व खर्ज बसवतो आणि मानवी आवाज ज्या स्वरपट्ट्यात असतो तेथे वाद्यांची गर्दी होऊ नये याची काळजी घेतो. रॅपरचे ध्वनिमुद्रण झाल्यानंतर काही ठिकाणी ताल थांबवून एखादी ओळ उघडी पाडली जाते. डेट्रॉइटचा जे डिला (१९७४–२००६) हा निर्माता आघात मात्रेच्या किंचित आधी किंवा नंतर ठेवून यंत्राला मानवी लय देण्यासाठी ओळखला जातो. त्याचा ‘डोनट्स’ हा संग्रह फेब्रुवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर तीन दिवसांनी त्याचे निधन झाले.

दौऱ्यावरील डीजे

ध्वनिमुद्रण विकून मिळणारे उत्पन्न अनिश्चित असल्याने अनेक निर्मात्यांच्या चरितार्थाचा आधार कार्यक्रमांचे दौरे हा असतो. दौऱ्यावरील डीजेची भूमिका दोन प्रकारची असते. रॅपरसोबत असताना तो साथीदार असतो. कार्यक्रमातील गीतांचा क्रम लावणे, रॅपरचा श्वास तुटल्यास शब्द उचलून धरणे, प्रेक्षकांनी दाद दिली तर ताल मागे नेऊन गीत पुन्हा सुरू करणे ही त्याची कामे होत. तमाशातील ढोलकीवाला व झीलकरी यांच्या कामाशी याचे साम्य दिसते. स्वतंत्र कार्यक्रमात मात्र तोच मुख्य कलावंत असतो आणि प्रेक्षकांचा कल पाहून गाणी निवडतो.

दौऱ्यात नव्या श्रोत्यांसमोर उभे राहण्याची जोखीम असते. १९८१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘द क्लॅश’ या रॉक समूहाच्या कार्यक्रमांपूर्वी फ्लॅश व त्याच्या साथीदारांना संधी मिळाली, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांच्यावर वस्तू फेकल्या. पुढील काही वर्षांत चित्र बदलले. रन-डीएमसी या समूहाच्या दौऱ्यांत जॅम मास्टर जे (जेसन मिझेल) हा डीजे रॅपरांच्या बरोबरीने ओळखला जाऊ लागला. डीजे जॅझी जेफ याला विल स्मिथ याच्यासमवेत १९८९ मध्ये रॅपसाठीचा पहिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. डॉ. ड्रे याने डीजे म्हणून आरंभ केला आणि पुढे निर्माता म्हणून कीर्ती मिळवली.

भारतात खुल्या जागेतील कार्यक्रमांना ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू होतात. त्यांनुसार ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी आवश्यक असून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी त्याचा वापर करता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. कार्यक्रमाची वेळ व मांडणी ठरवताना डीजेला हे नियम लक्षात घ्यावे लागतात. ध्वनिक्षेपकांजवळ दीर्घकाळ काम केल्याने श्रवणशक्तीस कायमची हानी होऊ शकते. म्हणून व्यावसायिक डीजे कानांत संरक्षक बोळे वापरतात.

श्रेय व हक्क

फ्लॅशच्या कारकिर्दीत श्रेयाचा प्रश्न ठळकपणे दिसतो. १९८२ मधील ‘द मेसेज’ ही रचना ‘ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्यूरियस फाइव्ह’ या नावाने प्रसिद्ध झाली. ती हिप-हॉपमधील सर्वांत प्रभावी सामाजिक रचनांपैकी एक मानली जाते. प्रत्यक्षात ती प्रामुख्याने एड फ्लेचर आणि मेली मेल यांची निर्मिती होती आणि तीत फ्लॅशचा वादनसहभाग नव्हता. अशा प्रकारे ज्याचे नाव अग्रभागी होते त्याचे काम नव्हते. पुढे थकीत मोबदला आणि स्वतःचे नाव वापरण्याचा हक्क यांवरून फ्लॅशने शुगर हिल या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. २००७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळवणारा हा पहिला हिप-हॉप समूह ठरला. २०१९ मध्ये फ्लॅशला स्वीडनचा पोलर संगीत पुरस्कार मिळाला.

ज्यांच्या वादनावर हिप-हॉप उभे राहिले, त्या वादकांचा प्रश्न याहून बिकट होता. जेम्स ब्राउन यांच्या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फंकी ड्रमर’मधील क्लाइड स्टबलफिल्ड यांचा ताल शेकडो रचनांत वापरला गेला. ते नोकरदार वादक असल्याने त्या वापराचा मोबदला त्यांना मिळाला नाही. द विन्स्टन्स या समूहाच्या १९६९ मधील ध्वनिमुद्रणातील ग्रेगरी कोलमन यांचा काही सेकंदांचा ताल ‘आमेन ब्रेक’ म्हणून जगभर पसरला. कोलमन यांचे २००६ मध्ये निधन झाले. त्यांनाही त्याचा लाभ झाला नाही.

१९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने गिल्बर्ट ओ’सुलिव्हन यांच्या गीताचा तुकडा विनापरवानगी वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्की याच्या ध्वनिमुद्रणाची विक्री रोखली. त्यानंतर सॅम्पलसाठी आधी परवानगी घेणे ही रूढी झाली. भारतीय संगीताच्या संदर्भातील परिचित उदाहरण २००२ मधील आहे. डीजे क्विक याने निर्मिलेल्या ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या ‘ॲडिक्टिव्ह’ या गीतात ‘ज्योती’ (१९८१) या चित्रपटातील लता मंगेशकर यांनी गायलेल्या गाण्याचा दीर्घ तुकडा वापरला होता. मूळ संगीतकार बप्पी लाहिरी यांचा उल्लेख त्यात नव्हता. २००३ मध्ये लॉस एंजेलिस येथील न्यायालयाने त्यांना श्रेय दिल्याशिवाय विक्री करण्यास मनाई केली.

अनामिकतेचा हा प्रश्न भारतीय संगीतालाही नवा नाही. हिंदी चित्रपटसंगीतात अँथनी गोन्साल्विस व सेबॅस्टियन डिसोझा यांसारख्या गोमंतकीय संगीत संयोजकांचे काम दीर्घकाळ पडद्याआड राहिले. पार्श्वगायकांना विक्रीतील वाटा मिळावा ही मागणी लता मंगेशकर यांनी १९६०च्या दशकात लावून धरली होती. प्रताधिकार अधिनियमात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वशुल्कातील समान वाट्याचा हक्क सोडून देता येत नाही. तो केवळ वारसांकडे किंवा शुल्क गोळा करणाऱ्या प्रताधिकार संस्थेकडेच देता येतो. १९६९ मध्ये मुंबईत स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था गीतकार, संगीतकार व प्रकाशक यांच्या वतीने असे शुल्क गोळा करते. सभासदत्व व रचनेची नोंदणी नसल्यास निर्मात्याला या व्यवस्थेचा लाभ होत नाही. सॅम्पल वापरण्याबाबत भारतीय कायद्यात स्वतंत्र तरतूद नाही. तुकड्याचा वापर मूळ रचना आणि मूळ ध्वनिमुद्रण या दोहोंच्या हक्कांशी संबंधित असतो.

बीटची विक्री सामान्यतः दोन प्रकारे होते. एका प्रकारात तीच बीट अनेकांना मर्यादित वापरासाठी कमी दरात दिली जाते. दुसऱ्या प्रकारात ती एकाच रॅपरला पूर्णपणे दिली जाते आणि दर अधिक असतो. दोन्ही प्रकारांत श्रेय कसे द्यायचे आणि पुढील उत्पन्नात वाटा किती, हे लेखी नमूद करणे महत्त्वाचे ठरते.

भारत व महाराष्ट्र

२०१५ मध्ये मुंबईतील डिव्हाइन (विव्हियन फर्नांडिस) व नेझी यांचे ‘मेरे गली में’ हे गीत प्रसिद्ध झाले आणि ‘गली रॅप’ ही संज्ञा रूढ झाली. या गीताचा निर्माता दिल्लीचा सेझ ऑन द बीट हा होता. गीताची ओळख मुंबईच्या वस्त्यांशी जोडली गेली, मात्र त्याचा वाद्यभाग दिल्लीतील निर्मात्याचा आहे हे सर्वसामान्य श्रोत्यास क्वचितच ठाऊक असते. सीधे मौत या दिल्लीच्या जोडीसमवेत सेझने केलेला ‘बयान’ हा संग्रह २०१८ मध्ये आला. त्यावर रॅपर व निर्माता या दोघांची नावे कलावंत म्हणून देण्यात आली. २०१९ मध्ये झोया अख्तर दिग्दर्शित ‘गली बॉय’ या चित्रपटामुळे हा प्रकार देशभर पोहोचला.

मुंबईतील ‘स्वदेसी’ हा समूह मराठीसह अनेक भाषांत रॅप करतो. २०१९ मधील ‘द वारली रिव्होल्ट’ या त्यांच्या रचनेत आरे परिसरातील आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न मांडलेला असून त्यासाठी प्रकाश भोईर या आदिवासी कार्यकर्त्याचा आवाज व लोकसंगीत यांचा उपयोग केला आहे. पुण्याचा एमसी स्टॅन हा रॅपर स्वतःच्या रचनांचे संगीतही करतो. त्याचे ‘तडीपार’ (२०२०) व ‘इन्सान’ (२०२२) हे संग्रह प्रसिद्ध आहेत. २०२३ मध्ये तो ‘बिग बॉस’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या सोळाव्या पर्वाचा विजेता ठरला. हिप-हॉपच्या शेजारील ‘हाउस’ या नृत्यसंगीतात क्रेटेक्स या मराठी डीजे-निर्मात्याचे आणि श्रेयस सागवेकर याचे ‘तांबडी चामडी’ हे गीत २०२४ मध्ये नेदरलँड्समधील स्पिनिन रेकॉर्ड्सने प्रकाशित केले. या गीतात निर्मात्याचे नाव मुख्य कलावंत म्हणून आले.

अमरावती व अकोला

अमरावती विभागात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम हे पाच जिल्हे येतात. अमरावतीतून पुढे आलेल्या रॅपरांमध्ये सौरभ अभ्यंकर याचे नाव प्रमुख आहे. ‘१०० आरबीएच’ हे त्याचे मंचीय नाव आहे. शंभरसाठी हिंदीत ‘सौ’ हा शब्द असल्याने हे लेखन ‘सौरभ’ असे वाचले जाते. २०२३ मधील ‘एमटीव्ही हसल’च्या तिसऱ्या पर्वात तो सहभागी झाला होता. विपिन तातड हा अमरावतीचाच रॅपर असून जातिव्यवस्था व सामाजिक न्याय हे त्याच्या रचनांचे विषय आहेत. आंबेडकरी जलसे व भीमगीते यांची दीर्घ परंपरा वऱ्हाडात आहे; या रॅपकडे तिच्या पुढील टप्प्याच्या रूपात पाहता येते.

तालावर शब्द म्हणून लोकांना संबोधण्याची रीत या प्रदेशाला जुनी आहे. अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) खंजिरीच्या साथीवर भजने म्हणत. गाडगे महाराजांचे कीर्तन श्रोत्यांशी प्रश्नोत्तराच्या रूपात चाले. अमरावतीत जन्मलेले कवी सुरेश भट यांनी मराठी गझलेत यमक व लय यांची काटेकोर शिस्त रुजवली. येथील निर्मात्याला वऱ्हाडी बोलीचा हेल, खंजिरीचा नाद व भीमगीतांचा ठेका हे जवळचे साहित्य आहे. अशा लोकतालांचे ध्वनिमुद्रण स्वतः वादकाकडून करून घेतल्यास सॅम्पलच्या परवानगीची अडचण बहुतांशी टळते. मात्र ज्याचे वादन वापरले त्या खंजिरीवाल्याला वा ढोलकीवाल्याला श्रेय व मानधन मिळाले नाही, तर स्टबलफिल्ड यांच्यावर आलेला प्रसंग येथेही उद्भवतो.

वऱ्हाडातील डीजे व्यवसायाचे वेळापत्रक सणांवर व लग्नसराईवर आधारलेले असते. १४ एप्रिलची डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती, गणेशोत्सव, नवरात्र आणि अकोल्यात श्रावणातील राजराजेश्वराची कावड-पालखी मिरवणूक हे त्यातील मोठे प्रसंग होत. प्रताधिकार अधिनियमात धार्मिक समारंभ, तसेच लग्नाची वरात व तत्संबंधी सोहळे यांत संगीत वाजवणे हे उल्लंघन मानलेले नाही. त्यामुळे स्थानिक डीजेला अशा प्रसंगी गाणी वाजवण्याची मोकळीक असते, परंतु त्याच कारणाने त्याने स्वतः रचलेले गीत शंभर वरातींत वाजले तरी त्यापोटी त्याला स्वामित्वशुल्क मिळत नाही. अशा प्रसंगी त्याचे उत्पन्न यंत्रणेच्या भाड्यातून व मानधनातूनच येते. रॅपचे स्वतंत्र कार्यक्रम मुख्यतः महाविद्यालयीन महोत्सवांत आणि मोठ्या शहरांतील सभागृहांत होतात.

अकोला हे मुंबई–हावडा लोहमार्गावर असून मुंबईपासून सुमारे ६०० किलोमीटर अंतरावर आहे. अमरावतीसाठी याच मार्गावरील बडनेरा हे जवळचे जंक्शन आहे. मुंबईतील कार्यक्रमासाठी या भागातील कलावंतास रात्रभराचा रेल्वेप्रवास करावा लागतो. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईसाठी प्रवासी विमानसेवा एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाली. २०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटमुळे बीट पाठवणे, रॅपरचे ध्वनिमुद्रण मागवणे आणि गीत प्रसिद्ध करणे ही कामे गावातूनच करता येतात. गीत ऐकण्याच्या सेवांवर प्रत्येक रचनेसोबत संगीतकार, गीतकार व निर्माता यांची नावे नोंदवण्याची सोय असते. ही माहिती गीत प्रसिद्ध करणाऱ्यानेच भरायची असते. ती भरली नाही, तर गीत गाजल्यानंतरही त्यामागील निर्मात्याचे नाव श्रोत्यांपर्यंत पोहोचत नाही आणि स्वामित्वशुल्काचे वाटप करताना त्याचा हक्क सिद्ध करणे अवघड होते.